पश्चिमेच्या चार खिडक्या

मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८३२

दवाखान्याचा नकाशा आला! औरंगाबादच्या नकाशानवीसांच्या दप्तरातून, पत्र्याच्या नळीत गुंडाळून. निळा कागद, पांढऱ्या रेघा. नुसता बघत बसलो. रेघ म्हणजे रेघ — केसाएवढी! असं काम मला जमत नाही. हे इथंच लिहितो, तोंडानं कुणाला सांगणार नाही.

मग बाळंतिणीच्या खोलीवर नजर गेली. पश्चिमेला चार खिडक्या!! आणि उत्तरेची भिंत सगळी कोरी. कच्चा कागद मीच काढून पाठवला होता, सोबत बंकटराव मास्तरांकडून उर्दूत स्वच्छ लिहून घेतलं होतं — खिडक्या तुम्ही ठरवा, फक्त पश्चिमेची झळ आत येऊ देऊ नका. एवढं एकच मागितलं होतं.

नकाशाच्या कोपऱ्यात बाण आहे, त्याच्याजवळ उर्दूत काहीतरी बारीक. मास्तर म्हणाले, "वाचून दाखवू का, मिस्त्री?" म्हटलं, राहू द्या. बाण वर आहे, म्हणजे पूर्व वर. कागदावर पूर्व वरच असते. गुरू न करता तीस वर्षं घरं बांधली, आता बाण वाचायला मास्तर कशाला?

मार्गशीर्ष शुद्ध ७

दप्तराला पत्र धाडलं. पश्चिमेच्या चारही खिडक्या बुजवा, असं. नीट शब्दांत. राग गिळून.

पौष शुद्ध २

उत्तर आलं. मास्तरांनी वाचलं, मी दोनदा वाचायला लावलं. "पश्चिमेस एकही खिडकी ठेवलेली नाही. नकाशा लक्षपूर्वक पाहावा."

लक्षपूर्वक! मला सांगतात! चार आहेत. बोट ठेवून मोजल्या.

मोहनराव देशमुखांकडं गेलो. जागा त्यांनी दिली आहे, मंजुरीही त्यांच्याच नावावर. म्हटलं, मी औरंगाबादला जातो, समोरासमोर विचारतो. त्यांनी हातच जोडले. "मिस्त्री, तहसीलची मोहर बसलीय. आता एक दगड हिकडचा तिकडं झाला तर मंजुरी जाईल. मग दवाखाना कवा? पुढल्या जन्मी? तुमी कागदापरमानं करा."

ठीक. कागदाप्रमाणे करतो. एका सुताचाही फरक करणार नाही. त्यांची चूक जशीच्या तशी दगडात उभी करतो. येईल त्यानं पाहावी!

पौष वद्य ४

पाया आखला. दोऱ्या ताणल्या, काटकोन तीनदा तपासला.

आमची ही भाकर घेऊन आली होती. चारी खुंट्यांमधून फिरली. खिडक्या कुठं, विचारलं. दाखवल्या. मग म्हणाली, "अवो, आपल्या केशरला वैशाखाच्या उन्हानं नेलं. अन् तुमी उन्हाचीच खोली बांधायलेत?"

म्हटलं, नकाशा माझा नाही.

"हात तर तुमचेच हायत."

केशर, आमची लेक. दोन दिवस अडली होती. इथं काही सोय नाही, म्हणून बैलगाडीत घालून अंबाजोगाईला निघालो. पोहोचलो नाही. आपल्या दिंद्रुडला बाळंतिणीसाठी थंड खोली असावी, म्हणून मी देशमुखांच्या दारात वर्षभर बसलो. ती खोली अशी!

रात्री जेवण गेलं नाही.

माघ शुद्ध १३

भिंती कमरेला आल्या. ओळंबा सोडला. सुताचा फरक नाही. आनंदही नाही.

फाल्गुन वद्य १

दुपारी कामावर सगळे थांबले. पश्चिमेच्या मोकळ्या चौकटींतून ऊन सरळ आत, पार समोरच्या भिंतीपर्यंत. सिदू गवंडी जोडीदाराला म्हणाला, "औरंगाबादला सूर्व्या दुसरीकडंच बुडत आसंल बे!"

सगळे हसले. मीही हसलो. कैक महिन्यांनी.

फाल्गुन वद्य ८

रोज वाटतं, खिडक्यांत दगड भरून टाकावेत. रोज नकाशा उघडतो. परत गुंडाळतो. ज्यांची चूक त्यांची दिसली पाहिजे. पण मग हिच्याकडं बघवत नाही.

चैत्र शुद्ध ९, शके १८३३

काम संपलं. मोहनराव म्हणाले, दाराच्या पाटीवर तुमचं नाव घालू — "आसाराम मिस्त्री". मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या चुकीखाली माझं नाव लागणार नाही.

"लई अभिमान हाय तुमाला."

आहे. दुसरं आहे काय माझ्याजवळ?

वैशाख शुद्ध ६

सिदूची सून साखरा अडली. पहिलीच बाई आपल्या खोलीत. दुपारचा तिसरा प्रहर. मी बाहेर उभा.

चारही खिडक्यांना ओली पोती बांधली. घटकेत वाळली. परत भिजवली, परत वाळली. आत ती ओरडत नव्हती, नुसती म्हणत होती — "बाहीर न्या मला, बाहीर न्या." शेवटी सुईणीनं चौघींना हाक मारली. बाज उचलून बाहेर बाभळीखाली नेली, लुगड्यांचा आडोसा धरला. तिथं सुटली. मुलगी. दोघी जिवंत आहेत.

सिदू माझ्याजवळ आला. मला वाटलं शिवी देईल. तो म्हणाला, "मिस्त्री, बाभळीला कुन्या दप्तराचा नकाशा व्हता?" आणि गेला. शिवी दिली असती तर बरं.

घरी आलो तर ही म्हणाली, "बाहीर बाभूळ तरी व्हती. केशरला तीबी न्हवती."

उद्या स्वतः औरंगाबादला जातो. नकाशा त्यांच्या तोंडावर फेकणार!

वैशाख शुद्ध ७

गेलो नाही. निघणार त्याच सकाळी टपाल आलं. काम पुरं झालं म्हणून दप्तरानं आमचे कागद परत केले. त्यात माझा कच्चा कागद. मास्तरांनी तो उलटसुलट केला. "मिस्त्री, यावर दिशा कुठंय?" नाही. मापं अर्ध्या तसूपर्यंत आहेत — दिशा कुठंच लिहिलेली नाही. मास्तर हळूच म्हणाले, दप्तरात कागदाची वरची बाजू उत्तर धरतात. मग निळा नकाशा मीच पुढं केला. बोट बाणावर ठेवलं. वाचा म्हटलं.

"शुमाल. म्हणजे उत्तर."

नकाशा चौथाई वळवून धरला. कोरी भिंत पश्चिमेला आली.

वैशाख शुद्ध ८

हिला सांगितलं. मग छिन्नी घेऊन गेलो. पश्चिमेच्या भिंतीवर, खिडक्यांच्या खाली, माझं नाव कोरलं. पूर्ण. उद्या सिदूला बोलावून खिडक्या बुजवायच्या. मंजुरी जाईल तर जाईल. नाव मात्र राहू द्यायचं.