माझ्यावाचून तुंबलेल्या मेल

३ मार्च, सोमवार. सकाळी १०
ऑपरेशनला सोळा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे ऑफिसचं नाव काढायचं नाही. डॉक्टरांना डिस्पॅच म्हणजे काय ते ठाऊक नाही. सव्वीस वर्षं कुठला ट्रक कुठल्या गोदामाला जायचा हे माझ्या मेलवर ठरतंय. एव्हाना चारशे तरी मेल तुंबल्या असतील. संकल्प: घरूनच रोज एक तास बघायच्या. हिला सांगायचं नाही.

दुपारी १२
लॉगिन होत नाही. पासवर्ड टाकला की पान नुसतं फिरत राहतं आणि पुन्हा पासवर्डच मागतं. सर्व्हरवर ताण आला असणार. माझ्याच मेलचा.

४ मार्च
पाचदा टाकला. खातं लॉक. कॅप्स लॉक चालू राहिलं होतं, पण तो मुद्दा नाही.

५ मार्च
कंपनीच्या हेल्पडेस्कला फोन. तिथल्या बाईनं आधी नाव विचारलं, मग नावाचं स्पेलिंग. नवीन असेल बिचारी. तिनं लॉक काढलं, ब्राउझरमधलं जुनं सगळं साफ करायला सांगितलं. केलं. लॉगिन जैसे थे. हिचं शब्दकोडं तेवढं पुसलं गेलं. दोनशे बाराव्या पायरीवर होती. मी हॉस्पिटलात असताना घरी एकटी बसून सोडवायची म्हणे. मला माहीतच नव्हतं. म्हणाली, "असू दे. पहिल्यापासून सोडवीन."

७ मार्च
आज हिच्याबरोबर वीस मिनिटं चालायचं ठरलं होतं. मी दुसरा ब्राउझर डाउनलोड करत होतो. ती चपला घालून दारात थोडा वेळ थांबली, मग एकटीच गेली. उद्यापासून नक्की.
नवा ब्राउझरही त्याच माळेचा मणी. शेवटी चष्मेवाल्याला, म्हणजे माझ्या हाताखालच्या माणसाला, फोन लावला. म्हणाला, सर, आराम करा, इकडे सगळं ठीक आहे. आवाजावरून कळलं, पार बुडालाय.

१० मार्च, सोमवार. सकाळी
मुलीनं फोनवर पाच मिनिटांत शोधून काढलं. कुकीज बंद होत्या; त्यांच्याशिवाय मेलचं पान आत घेत नाही. तिचं म्हणणं, "बाबा, तुम्हीच बंद केल्या असणार." दोन्ही ब्राउझरमध्ये सुरक्षेसाठी मी पहिलं काम तेच केलं होतं, हे खरं. पण पानानं तसं सांगायला नको? चालताना धाप लागते का, असंही विचारत होती. म्हटलं, उद्या बोलू, आता घाई आहे.

दुपारी
उघडलं.
एकोणीस मेल. बारा हेल्पडेस्कच्या, माझं लॉगिन फसल्याच्या. सहा लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल, सगळ्यांना गेलेल्या. उरलेली एक चष्मेवाल्याची, तीही सगळ्यांना: सर रजेवर आहेत, यापुढे गाड्यांसाठी मला लिहावं.
तारीख दोनदा पाहिली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीची. त्यानंतर ट्रकबद्दल मला कोणी एक ओळ लिहिलेली नाही.
ही डोकावली. विचारलं, खूप साठलंय का?
"खूप," मी म्हणालो.
मग आज फिरायला नको, तुमचं होऊ दे, म्हणाली, आणि मला आवाजाचा त्रास नको म्हणून दार लोटून घेतलं.
संध्याकाळपर्यंत नुसताच की-बोर्ड वाजवत बसलो.