शिट्टी मारणारं प्रथिन

प्रिय तेजल,

हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, वर्षालीच्या हाती रहाटणीला पाठवतोय. फोनवर मला हे बोलता येणार नाही. वेळेवर जेवतेस ना? परवा आवाज बसलेला वाटला. लॅबमध्ये हातमोजे घालतेस ना? मला उगाच नाही नाही ते सुचत राहतं.

तुझ्या भाचीच्या बारशाचा दिवस डोक्यातून जात नाही. तू सांगत होतीस, डीएनएची लस दिली की तिचा तुकडा प्रतिकार करणाऱ्या पेशीत शिरतो, आणि आतलं एक प्रथिन त्याला धरून परका आला म्हणून इशारा देतं. दुसरं एक प्रथिन त्या तुकड्याचा भुगा करायला टपलेलं असतं. मी कुरुळीच्या कंपनीत गेटवर जन्म काढला. आपल्याच मालाच्या गाडीला शिट्टी मारली की साहेब खवळायचा. म्हणून मी म्हणालो, लस आपली, मग बोंब मारणारं ते प्रथिन वेडंच की! तर निगडीचे तुझे आईकडचे आजोबा, दादासाहेब, सगळ्यांदेखत म्हणाले, अहो व्याहीबुवा, त्या इशाऱ्यानंच तर फौज जागी होते, तुम्ही पहारेकऱ्यालाच झोपवलंत, ड्युटीवर सवय होती वाटतं! सगळे हसले. तूही हसलीस. मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलीस आणि कागदी रुमालावर पेशी काढून दाखवलीस. तो रुमाल त्यांनी घडी करून खिशात घातला.

मास्तर होते ते, त्यांना कळतं, कबूल. पण लहानपणी लस टोचताना तू माझी मिशी धरून रडायचीस, त्यांची नाही. त्यांना मिशी आहेच कुठं! आता वर्षालीकडून मी सगळं पुन्हा पुन्हा समजून घेतलंय. इशारा कमी पडला तर लस अंगी लागत नाही, आणि भुगा करणारं जोरात असलं तरीही नाही. चुकलं असेल तर मला एकट्याला सांग.

गुरुवारी तुझी पीएचडीची तोंडी परीक्षा, सगळ्यांसमोरची. त्यांना बोलावलंस, आणि मला म्हणालीस, आबा, तुम्हाला कंटाळा येईल. काल दादासाहेबांचा फोन आला, बरोबरच जाऊ, कधी निघता? त्यांना वाटलं, मलाही बोलावणं आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, परीक्षा पुढं ढकललीय. भला माणूस, तुझी तब्येत बरी आहे ना विचारत बसला. आता खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तूच त्यांना फोन कर, हवं तर माझं नाव सांग. आणि आम्हा दोघांनाही बोलव. फक्त मध्ये वर्षालीला बसव.

तुझाच, आणि आधीपासूनचा,
चिमाजीआबा