टेकडीवरचं पिवळं झुडूप

७ ऑक्टो., मंगळ.
सकाळी टेकडी. ह्यांच्या पिवळ्या झुडपाला बाटलीभर पाणी. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते काम माझ्याकडे. घरी आले की चहाआधी प्रश्न ठरलेला, "अगं, फुललं का?" फुललंय म्हटलं. बायकोचे गुडघे कसे आहेत, ते विचारायचं सुचलं नाही.

९ ऑक्टो., गुरु.
तिसऱ्या मजल्यावरची शबाना टेकडीवर भेटली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. रविवारी तिचा ग्रुप टेकडीवर माजलेली घाणेरी उपटणार आहे, ती दुसरं काही उगवू देत नाही म्हणून. आपलं झुडूप पाहून थबकली. "काकू, हीपण घाणेरीच वाटतेय. बागेत लावतात ती."
काहीतरीच! ह्यांनी नर्सरीतून निवडून आणलं, भर उन्हाळ्यात पाणी वाहून जगवलं. घाणेरीला कोणी पाणी घालतं का?

१० ऑक्टो.
पान चुरगळलं. वास तोच, उग्र. पण काटे नाहीत. फूल नुसतं पिवळं, रानातल्या घाणेरीचं गुलाबी-पिवळं. मोबाइलवर झाडं ओळखणाऱ्या ॲपात फोटो टाकला तर आधी घाणेरी, दुसऱ्या फोटोला भलतंच नाव. नर्सरीवाला म्हणे, "ही फळ धरत नाही, बिनधास्त लावा." शबाना म्हणते, सहसा धरत नाही, पण शेजारी रानातली असली तर सांगता येत नाही. आणि फळ धरलं की बुलबुल खाणार, बी टेकडीभर. धड हो नाही, धड नाही नाही. डोकं उठलंय.

११ ऑक्टो., शनि.
ह्यांना अजून सांगितलं नाही. आज काठी न घेता गॅलरीपर्यंत गेले. "दिवाळीनंतर मी स्वतः जाणार झुडपापाशी." डॉ.चं ऐकत नाहीत, व्यायाम चाललाय तो त्या झुडपासाठी. कसं सांगू? फार वाईट वाटतंय.
शबाना जिन्यात म्हणाली, "फळं नसतील तर राहू दे, काकू. तुम्ही बघून सांगा." म्हणजे निकाल माझ्या गळ्यात.

१२ ऑक्टो., रवि.
ग्रुपच्या आधी पोचले. फांदी न् फांदी पाहिली. फळ नाही. हुश्श केलं. मग दिसलं, काही देठ रिकामे. फुलं गळली, की फळं धरली आणि कोणी खाल्ली? बुंध्याशी एक कोवळं रोप, खरखरीत पानांचं. ह्याचंच, की पलीकडच्या रानातल्या घाणेरीचं? वास घेतला, तरी कळेना.
खालून शबानाची हाक, "काकू, काय करायचं?"
हातातली बाटली रिकामी. सवयीने केव्हाच ओतून झाली होती, झुडपाला आणि त्या रोपालाही.