पोट भाकरीनं भरलं तर पोर बसेल कुठं?

ती. रत्नाआत्या,

मोरबीहून तुमच्या भाच्याचा, मिथुनचा, दंडवत. गुडघे कसे आहेत? तेल चोळता, की नुसतं दुसऱ्यांनाच सांगता? मी टाइल्सच्या भट्टीपाशी थोडा भाजलोय, बाकी बरा. बोईसरच्या तीन कंपन्या सोडल्या, दांडीच्या मासेमारी होडीवरून दोन दिवसांत ओकून उतरलो, इथं मात्र आठ महिने झाले. पत्र अशासाठी, की तुमच्याकडे फोन नाही, घरी केला तर आई तो स्पीकरवर टाकते, आणि बोलायचंय ते तिच्याबद्दलच.

आत्या, तुमचे उपकार कसे फेडू? माझ्या पारूला सातवा महिना लागला तेव्हा पालघरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं वजन वाढत नाही. ऐकून माझ्या हातातली टाइल फुटली (दोन फुटल्या, मुकादमाला एकच दिसली). मी लगेच खजूर, तूप आणि इथल्या पोरांचं ऐकून ताकदीच्या पावडरीचा डबा पाठवला. डब्यावर दंड फुगवलेला उघडा बाप्या. आईनं तो बघितला आणि डबा माळ्यावर लपवला. "येवढा पोर पोटात वाढला त बाहेर येल कुठून?" बायकोला घरात अर्धीच भाकरी मिळते, हे मला तेव्हा कळलं. पोट भाकरीनं भरलं तर पोरानं बसायचं कुठं, असं आईचं म्हणणं. वाईट बाई नाही ती (माझ्या वेळी तिच्या सासूनंही तिला असंच ठेवलेलं, म्हणून मी असा काडीसारखा).

मग तुम्ही आलात. तीस वर्षं दाईपण केलेली बाई, आईला चुलीपुढं बसवून म्हणालात, "अगं, पोर भाकरीच्या शेजारी नाय बसत, त्याची खोली वेगळी हाय. तोंडानं नाय, वारेतून खातं ते." वार गर्भपिशवीला चिकटून असते, आईच्या रक्तातलं चांगलं ते उचलते, नाळेतून बाळाला देते, श्वासही तीच पुरवते, बाळाची घाण परत आईकडे पाठवते, आणि एवढं करून दोघांचं रक्त मिसळू देत नाही! "वार चांगली हाय, डॉक्टरीणीनं बघली. पण सून उपाशी, त वार काय दांडीला जाऊन मासे आणेल?" आईनं उठून ताटात अख्खी भाकरी वाढली म्हणे (विश्वास बसेना, पारूला दोनदा विचारलं). त्या दिवसापासून नाचणीची भाकरी, डाळ, शेवग्याचा पाला, सुका जवळा, आणि संपेपर्यंत आई समोर बसून. पावडर मात्र डॉक्टरीणबाईंनीही नको म्हटली. आता नववा लागलाय, वजन भरलंय. आत्या, माझं पोर तुमच्या जिभेवर वाढलं.

तुमचा,
मिथुन

ता. क. एक मागणं. वार आपल्यात घराशेजारी पुरतात. दवाखान्यातून ती मागून घ्या, आणि खड्डा मलाच खणू द्या. मी इथं, आणि माझ्या पोराला भरवते ती. तिचं तोंडसुद्धा मी पाहिलं नाही. निदान पोचवायला तरी असावं.

दुसरा ता. क. त्यासाठी रजा मागितली, तर मुकादम म्हणाला, "बच्चा होने दे, फिर देखेंगे." म्हणून काम सोडलं. हे पत्र तुमच्या मनोरला जो ट्रकवाला तुमच्या हातात देईल, त्याच्या शेजारी मान खाली घालून बसलेला मीच. आईला सांगा, तुम्हीच बोलावलंत.