सतरंजीचं देऊळ

रविवार, २ फेब्रुवारी २०२५
बाकं! आमच्या चर्चमध्ये बाकं येणार म्हणे. मिस्साची उपासना संपल्यावर गजेंद्रने मोबाईलवर नकाशा दाखवला. कमिटीचा इंजिनियर तो, अजून तिशीही नाही. टोकदार कमानी, रंगीत काचा, अठरा बाकं. "नागपूर-मुंबईच्या कॅथेड्रलवानी दिसन, ताई!"

दिसून काय करायचं? सासूबाईंच्या लग्नापासून आम्ही चपला दाराबाहेर काढतो, सतरंजीवर बसतो. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. देवासमोर सगळे एका उंचीवर. मी उभी राहून तसं बोलले. तर हे — कमिटीचे अध्यक्ष, म्हणजे माझेच मालक — सगळ्यांदेखत म्हणतात, "तुनं कॅथेड्रल पाह्यलं हाय काय कधी?"

नाही पाहिलं. आता पाहते!

पंचवीस वर्षांनी येणारं ज्युबिलीचं वर्ष, तीर्थयात्रेला बायका निघाल्याच आहेत. तेवीस तारखेला हात वर करून निर्णय. तोवर तीन कॅथेड्रल बघून येते.

सत्यभामामावशी आजही बाहेर पायरीवर. नाताळात त्यांनी मांडलेली वेदीची फुलं मी बदलली, तेव्हापासून रुसल्यात. चार म्हातारेकोतारेही तिथेच बसतात गप्पा मारत. रुसू देत.

शनिवार, ८ फेब्रुवारी — नागपूर
मलकापूरहून गाडी. दशम्या, चटणी घरची. मेणबत्त्याही घरच्याच.

बिशपांचं आसन असतं ते कॅथेड्रल. कमानी वर टोकाला मिळतात, हात जोडल्यासारख्या. मान आपोआप वर जाते. काचेतून निळा-तांबडा उजेड माझ्या पांढऱ्या पदरावर पडला. छान वाटलं, खोटं कशाला लिहू? पण आपण फार लहान आहोत असंही वाटलं. आमच्या चर्चमध्ये लाकडी झडपेतून ऊन येतं, सतरंजीवर पट्टा पडतो, तो सरकला की प्रवचन लांबलं हे कळतं. तिथे मी लहान नसते.

सोमवार, १० फेब्रुवारी — मुंबई
कुलाब्याचं होली नेम. बाहेर हॉर्नचा कलकलाट, आत पाऊल टाकलं की शांत! भिंती-छत चित्रांनी भरलेलं. कुठे बघू नि प्रार्थना कधी करू?

आम्ही पाचही जणींनी सवयीने चपला दारात ओळीने काढल्या. पहारेकरी धावत आला. "आंटी, यहाँ पहन के जाते हैं!" मी त्याला म्हटलं, "तुम्ही घालून जा. आम्ही अनवाणीच जाणार." बाहेर येऊन बघते तर आमच्या ओळीला लागून तीन जोड बूट! कोणी फिरायला आलेल्यांनी आमचं बघून काढलेले. आमच्यातली जयमाला हसून हसून खाली बसली. "वंदनाताई, तुमी तं मुंबईले वळण लावलं वो!"

बुधवार, १२ फेब्रुवारी — जुनं गोवा
से कॅथेड्रल. हे मनात बसलं. पांढऱ्या जाड भिंती, आत गारवा. समोर सोन्याची भलीमोठी वेदी, बाकी सगळं साधं, मोकळं. इथे मान वर जात नाही, श्वास सावकाश होतो. नागपूरला दिपले, मुंबईला हरवले, इथे बसले. खाली, फरशीवर!

शेजारच्या बाकावर एक म्हातारी पुढच्या बाकाची पाठ धरून उठत होती. आमच्या बायका बघा, म्हटलं — सत्तरीतही सतरंजीवर बसतात!

आणि याचा एक बुरूज केव्हाच पडलाय. परत बांधला नाही. म्हणून काय देऊळ कमी झालं?

रविवार, २३ फेब्रुवारी
जिंकले!

माझ्यासारख्या मॅट्रिक बाईने भाषण केलं. म्हटलं, तिन्ही बघून आले. ती त्यांच्या जागी सुंदर आहेत. एका बुरुजाचं कॅथेड्रल ताठ उभं आहे, आपण सतरंजीची लाज काऊन बाळगायची? सतरंजीला एकतीस हात, बाकांना बावीस. यांचा हात खालीच — ना इकडे, ना तिकडे. आणि पायरीवरून सत्यभामामावशींचा हात सतरंजीसाठी वर! रुसवा गेला तर.

शनिवार, १ मार्च
राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख जुन्या झावळ्या जाळून करतात, म्हणून गेल्या वर्षीच्या झावळ्या घरोघर जाऊन गोळा करत होते. मावशींकडे गेले. क्रॉसमागची झावळी काढताना त्यांच्या हातून पडली. पायाजवळच! त्यांनी उचलली नाही. नुसत्या बघत राहिल्या.

"गुडघे वाकत नाईत, पोरी. नातायले सतरंजीवर बसली, तं उठताच येईना. तुमी समद्या गेल्यावर भिंत धरू धरू उठली."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"पह्यले लाज वाटे. मंग तू एवढी भांडून राह्यली सतरंजीसाठी... कोन्या तोंडानं सांगू?"

"अन् हात वर केला तो?"

"देवळाचं सांगून राह्यली होती न तू. माह्यं थोडी."

झावळी मी उचलली. फुलांचा रुसवा म्हणे! आणि गोव्याची ती म्हातारी... मी तिला नावं ठेवत होते.

उद्या सगळ्यांसमोर मीच उलटं करणार. हसतील. हसू देत!

रविवार, २ मार्च
आमच्या घरच्या ओट्यावरचं बाक धुतलं, पुसलं. यांनी दुसरं टोक धरलं. चर्चमध्ये भिंतीलगत, सतरंजीच्या कडेला ठेवलं. गजेंद्र हसला. मी मागे वळून बघितलं नाही. दारात जाऊन पायरीकडे म्हटलं, "चला आत."

बाक चौघांचं. उठले सात जण — पायरीवरचे पाच, सतरंजीवरचे दोन.