द्राक्षवेलीची भुरी आणि गंगुबाईची राख

मी, सुभद्रा लवू घाडी, वय अंदाजे सदुसष्ट, राहणार घोडपदेव, तळमजला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, माझ्याच हाताने लिहिते. अक्षर वेडंवाकडं आहे, डोकं ठिकाणावर आहे.

खोलीचा हक्क, शिवणयंत्र व तांब्याचा बंब मुलगा जयवंत याला. अंगणातली द्राक्षाची वेल मात्र त्याला नाही. मुंबई आमची म्हणून मोर्च्यात घसा बसवून येतो आणि घरी कोयता शोधतो. म्हणे, "आई, दरसाल भुरीचा रोग पडतो, काढून टाकू, तिथे पत्रा घालतो." त्याच्या बापाने नाशकाहून धोतरात गुंडाळून आणलेली वेल आहे ती.

वेल नातीला, दुर्गाला. कारणही लिहिते. सहा वर्षं नव्या पालवीवर पांढरी पूड येई. शेजारच्या गंगुबाईच्या शेगडीची राख उडते, असं मी नळावर सर्वांदेखत म्हटलं. ती म्हणाली, "राख टाकायचीच तर तुझ्या तोंडावर टाकीन, झाडाने माझं काय केलंय?" तेव्हापासून आमचं बोलणं बंद. ते तोंडावरचं मी अजून विसरलेली नाही.

यंदा पौषात पानं गळल्यावर दुर्गाने वेलीची एक काडी बाटलीतल्या पाण्यात घातली, वर मलमल बांधून आतल्या फळीवर ठेवली. तिथे कुठली राख? तरी काडीचा डोळा फुटून कोंब आला तो पांढराच. पोर नाचत आली, "आजी, भुरी बाहेरून येत नाही ग. मिटलेल्या डोळ्यात थंडीभर निजून असते." सातवीत आहे. अक्कल माझी घेतली आहे, हे जयवंतने कबूल करावं.

मग मला आठवलं. दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी याच वेलीच्या काड्या वाण म्हणून लुटल्या. भुरी चाळीचाळीत मीच वाटली, आणि बोल गंगुबाईला लावला.

तरी दुर्गाने डोळे फुटताच पांढरा फुटवा खुडून जाळावा, बाकी पालवीवर फडक्यातून गंधक झाडावं. काडी कोणालाही देऊ नये. जयवंतने वेलीला कोयता लावला तर बंबही दुर्गाचा.

वकील म्हणतात, साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही. म्हणून गंगुबाईला काही लिहिलं नाही. माफी आज समोर बसवून मागितली. ती म्हणाली, "ते राहू दे. अंगठा कुठे करू ते सांग."

मुंबई, ता. २२ फेब्रुवारी १९५९
सही: सुभद्रा लवू घाडी

साक्षीदार:
१. चिंतामणी बुधाजी परब, सही.
२. गंगुबाई रघु सावंत, डावा अंगठा. अंगठ्याला शेगडीची राख होती. पूस म्हणून मी सांगितलं नाही.