ओळीच्या शेवटी श्री

४ जाने., रविवार.
वहीला उशिरा हात लावतोय, माफी असावी. जीव थाऱ्यावर नव्हता.
संगणक फार हळू झालाय. पुतण्या दत्ता बीडहून पेनड्राइव्ह घेऊन आला. विंडोज काढून लिनक्स टाकू म्हणाला, त्याने जुना संगणकही पळतो म्हणे. मी एकच विचारलं, कौसल्येचे आवाज? बायको वारली, तिचं बोलणं तेवढं त्यातच आहे.
"कॉपी घेतली हाय, नाना. कावून घाबरता?"
पेनड्राइव्ह लावला तर पडदा काळाच. त्याची शेवटची गाडी होती. फोनवर सांगतो म्हणून गेला.

५ जाने.
दत्ताने फोनवर सांगितलं. सुरुवातीला यादी दिसते, तिथे ई दाबायचं. लिनक्सच्या ओळीत शेवटी नोमोडसेट लिहायचं, म्हणजे पडदा काळा राहत नाही. त्याने एकेक अक्षर सांगितलं. मी सवयीने ओळीच्या आधी श्री घातलं. असा हुकूम नाही, असं पडद्यावर आलं.
"नाना, लग्नपत्रिका हाय का ती?"
पुसलं, पण मन मानेना. नोमोडसेटच्या मागे, अगदी शेवटी घातलं. चाललं. पडदा उजळला.
मग विचारणा, सगळी डिस्क पुसायची का. हात थांबला.
"दाबा हो. माझ्याकडं हाय समदं."
दाबलं.

७ जाने.
पुन्हा काळा पडदा. दत्ता म्हणतो, ते लिहिलेलं एका वेळेपुरतंच, दर खेपेला लिहा, रविवारी येऊन पक्कं करतो. आवाज पण तेव्हाच आणतो.
मी रोज सकाळ-संध्याकाळ चालू करून लिहितो. पाठ व्हावं म्हणून.

११ जाने., रविवार.
आला नाही. फोन केला तर म्हणाला, "कॉपीची डिस्क दोस्ताकडं हाय, नाना." नंतर फोन उचलला नाही.
तो आला त्या दिवशी मी शेजारीच होतो. चहा प्याला, पेनड्राइव्ह लावला. दुसरं काही लावलंच नाही. मग कॉपी कधी...
कौसल्येच्या हातचं खाऊन वाढलेलं पोर.

१३ जाने.
नेकनूरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हणाला, "पुसलेलं कधी निघतं, कधी न्हाई. पण चालू करू नका. जितक्यांदा चालू कराल तितकं त्याच्यावर नवं बसतं. आन् कॉपी असंल तर उगं खोलायचं कशाला? पुतण्याला इचारा आधी."
रोज दोनदा चालू केलं मी. श्री लिहून.
वायर काढून ठेवली. दत्ताला निरोप टाकला, तोच इथे उतरवतो: बाबा, रागावणार नाही. कॉपी असेल तर आहे म्हण, नसेल तर नाही म्हण. पण लवकर कळव.